बी.एड.चे लेसन आणि ती चिंतनाची वही

गणितवाली

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पुस्तकं वाटून, वर्ग लावून जरा कुठे घडी बसते, तोच कॉलेजचं पत्र घेऊन बी.एड.ची मुलं-मुली मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभी असतात. काखेत चार्टपेपरच्या गुंडाळ्या, पर्समध्ये रंगीत खडू, चेहऱ्यावर लग्नघरात चुकून शिरल्यासारखा भाव. त्यातली गणित मेथडची (म्हणजे शिकवायला गणित विषय निवडलेली) असतात ती माझ्या वाट्याला येतात. दक्षिण नागपुरातली अनुदानित शाळा आहे आमची, पाचवी ते दहावी. एवढी ओळख पुरे.

धागा काढला तो त्यांच्या चिंतनाच्या वहीसाठी. प्रत्येक लेसन (शाळेच्या वर्गावर घेतलेला सरावपाठ) झाला की त्यावर 'चिंतन' लिहायचं असतं आणि खाली मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझी सही लागते. इतकी वर्षं सह्या करून आता मला ती वही न उघडता म्हणून दाखवता येईल. 'आजचा पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. वेळेचे नियोजन सुधारणे आवश्यक आहे.' पानामागून पान हेच. वेळेचं नियोजन हा सगळ्यांचा लाडका दोष, कारण तो कबूल केला तर कोणी मार्क कापत नाही आणि नम्रपणाही दिसतो. 'मला स्वतःलाच हे गणित नीट कळलेलं नव्हतं' असं मी आजवर कोणाच्या वहीत वाचलेलं नाही.

मागे एक मुलगी आली होती. (तिला विचारून लिहितेय. सध्या ती एका शाळेत शिकवतेय.) अक्षर सुरेख, आवाज खणखणीत, टाचण (पाठाचा लेखी आराखडा) वेळेवर. तिचा सहावीवर दशांश अपूर्णांकांचा लेसन होता, लहान-मोठेपणा ठरवायचा. फळ्यावर तिने जोड्या लिहिल्या: ०.७५ आणि ०.५, ०.६२ आणि ०.४, ३.२८ आणि ३.१. मोठी संख्या कोणती? वर्ग एका सुरात उत्तरं देत होता, सगळी बरोबर. मागे बसलेल्या तिच्या मैत्रिणींनी निरीक्षण वहीत 'उत्तम' लिहिलं. तिने चिंतनात लिहिलं, 'उद्दिष्ट साध्य झाले.'

दुसऱ्या दिवशी मी गृहपाठ तपासत होते. शेवटच्या बाकावरच्या एका पोराने लिहिलं होतं, ०.१२५ > ०.३. मी वही तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, "मॅडम, हा कच्चा आहे, परत समजावते." मी म्हटलं, समजावू नकोस. त्याला विचार आणि उत्तर येईपर्यंत एक अक्षर बोलू नकोस.

पोरगा बराच वेळ बुटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकशे पंचवीस मोठे नाई का मॅडम, तीनाहून?"

ती एकदम गप्प झाली आणि फळ्याकडे बघायला लागली, आदल्या दिवशीचा फळा केव्हाच पुसलेला होता तरी. कारण त्या पोराच्या नियमाने तिच्या तिन्ही जोड्यांची उत्तरं बरोबरच येतात! पंचाहत्तर पाचाहून मोठे, बासष्ट चाराहून मोठे, अठ्ठावीस एकाहून मोठे. म्हणजे आदल्या दिवशी एका सुरात उत्तर देणाऱ्या वर्गातल्या किती जणांना दशांश कळला होता आणि किती जण टिंब विसरून साध्या संख्या वाचत होते, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

पुढच्या तासाला तिने टाचणाबाहेरचं काम केलं. चिठ्ठ्या वाटल्या, ०.१२५, ०.३, ०.०९ आणि ०.५ चढत्या क्रमाने लावायला सांगितले, आणि नाव न लिहिता चिठ्ठ्या परत घेतल्या. निम्म्याहून जास्त वर्ग त्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखाच विचार करणारा निघाला. थोडे आणखी वेगळे होते. हजारांश म्हणजे बारीक तुकडा हे त्यांच्या डोक्यात बसलेलं, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान! ह्यांचं ०.१२५ आणि ०.३ बरोबर येतं, पण ०.७५ त्यांना ०.५ पेक्षा लहान वाटतं. आदल्या दिवशी वर्गाच्या आवाजात ह्यांचा आवाज बुडून गेला असणार.

त्या संध्याकाळी तिने वहीत दोन रकाने आखले. डावीकडे मुलांनी दिलेली चुकीची उत्तरं, उजवीकडे ते उत्तर कोणत्या विचाराने येतं ते. खाली एक ओळ, 'उद्या कोणता प्रश्न विचारला तर हे दोन गट वेगळे दिसतील?' पाठ चांगला झाला की वाईट, ह्याबद्दल चकार शब्द नव्हता.

माझं मत स्पष्ट सांगते. बी.एड.चं पोर सुधारतं ते मुलांच्या वह्या बघून. स्वतःकडे बघत बसलं तर फार तर साडीचा पदर आणि फळ्यावरचं अक्षर सुधारतं. आणि आपण त्यांना दोन वर्षं नेमकं स्वतःकडेच बघायला लावतो.

तुमचे अनुभव सांगा. बी.एड. केलेले, करणारे, ज्यांच्या पोरांवर लेसन झाले ते, सगळेच.

---

तर्रीबाज

पहिला नंबर! ताई, त्या पोराचं बरोबरच आहे. आमच्या ऑफिसात अजून लोक ३.१० टक्के वाढ ३.९ पेक्षा जास्त समजतात.

---

शंकेखोर

वाचायला गोड आहे. पण हे सगळं करून ती पोरगी जाणार कुठे? टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्या, मग अभियोग्यता चाचणी द्या, मग शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसा. लागलीच तर तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिक्षणसेवक. माध्यमिकला २०२३ पासून महिना १८,००० मिळतात, आधी तर ८,००० होते. पोर्टलवर चिंतनाच्या वहीचा रकाना आहे का? नाही ना. मग पोरं 'वेळेचे नियोजन' लिहून मोकळी होतात, त्यात त्यांचं काय चुकलं?

माझ्या बायकोने बी.एड. केलंय, म्हणून पोटतिडकीने बोलतोय. तिचे निम्मे लेसन मी टाइप केले आहेत. चिंतनसुद्धा.

---

गणितवाली

@शंकेखोर, पोरांचं चुकत नाही, मान्य. नोकरीचं तुम्ही लिहिलं त्यात मला खोडायला काही नाही. फक्त तिने त्या दोन रकान्यांना घालवलेला वेळ पोर्टलसाठी नव्हता. दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिला परत त्याच वर्गावर उभं राहायचं होतं.

(आणि तुम्ही चिंतन टाइप केलंत म्हणजे कमालच. कोणाचं चिंतन, तुमचं की त्यांचं?)

---

जुना खडू

निवृत्त माणूस आहे, महालातल्या शाळेत हयात गेली. आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं आणि हर्बार्ट ह्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने चालणाऱ्या पाठाच्या पायऱ्यांशिवाय पान हलत नसे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, आणि असंच पुढे.

प्रस्तावनेची एक गंमत सांगतो. तीन-चार प्रश्न विचारायचे, आणि शेवटच्या प्रश्नाला मुलांना उत्तर येता कामा नये. उत्तर आलं नाही की गुरुजी प्रसन्न मुद्रेने म्हणणार, 'तर आज आपण ह्याचाच अभ्यास करू या,' आणि फळ्यावर शीर्षक. उत्तर आलं तर पंचाईत! पण सरावपाठांच्या शाळेतली पोरं दरवर्षीच्या पाठांनी इतकी तयार झालेली, की शेवटचा प्रश्न बरोबर ओळखायची आणि उत्तर येत असूनही गप्प बसायची. एकदा नवीन आलेल्या पोराने खाडकन उत्तर दिलं, तर शेजारच्याने त्याला कोपरखळी मारली. आम्ही मुलांना काय शिकवलं ते सोडा, मुलांनी आम्हाला पास करून दिलं.

तुमच्या चिंतनवहीबद्दल मात्र मला शंका आहे. आम्ही वही लिहिली नाही. लेसन झाला की आमचे प्राध्यापक सायकल धरून फाटकाशी उभे असायचे, चालता चालता दोन वाक्यं सुनवायचे. ती दोन वाक्यं अजून पाठ आहेत. लिहून काय होतं? कागदावर माणूस खोटं सहज बोलतो.

---

मेथडवाली

मी बी.एड. कॉलेजला शिकवते, त्यामुळे अर्ध्या शिव्या मलाच आहेत, त्या घेते.

थोडी पार्श्वभूमी. एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय परिषद) २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला कार्यानुभव किमान २० आठवड्यांचा झाला, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हेतू चांगला होता. पूर्वी पोरं शाळेत पाहुण्यासारखी यायची, लेसन काढायची आणि जायची. १६ आठवडे म्हटल्यावर तोच वर्ग, तीच मुलं रोज भेटतात. गणितवालींनी सांगितलेली गोष्ट 'दुसऱ्या दिवशी' घडली हे लक्षात घ्या. पूर्वीच्या पद्धतीत तो दुसरा दिवस बहुतेकांच्या वाट्याला यायचाच नाही.

चिंतनाची कल्पना अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईपासूनची. १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन ह्या अमेरिकन अभ्यासकाने तिचे दोन भाग केले: काम चालू असताना होणारा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार. आम्ही शिकवतो दोन्ही, वही मात्र दुसऱ्याचीच लिहून घेतो, आणि त्यावर मार्क ठेवतो. मार्क ठेवले की पोरं मार्क मिळतील असंच लिहिणार. जुना खडू म्हणतात तो खोटेपणा तिथून येतो. वहीचा दोष थोडा, मार्कांचा जास्त.

माझा एक उपाय आहे, ज्याला पटेल त्याने करून बघावा. लेसन घेताना मोबाइल टेबलावर ठेवायचा आणि फक्त आवाज रेकॉर्ड करायचा. व्हिडिओ नको, मुलांचे चेहरे घ्यायचे तर परवानगीचा प्रश्न येतो. आवाजाचंही शाळेला आधी सांगून ठेवायचं. घरी जाऊन एकच गोष्ट मोजायची: प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबले? मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफितींवर हेच मोजलं. शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हीच थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली, तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात आणि 'माहीत नाही' कमी होतं.

तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही. वर्गासमोर उभं राहून गप्प बसून बघा. माझ्या विद्यार्थिनी म्हणतात, मॅडम, घाम फुटतो.

---

जुना खडू

@मेथडवाली, तीन सेकंदांचं पटलं. माझी बायको म्हणेल हे तुम्हाला आयुष्यात जमलं नाही. आवाजाची फीत मात्र मानतो. कागदासारखं तिला गोड बोलता येत नाही.

---

पालक मानेवाडा

सगळे शिक्षक बोलताहेत, एक पालक म्हणून बोलू का? माझी मुलगी सातवीत आहे. बी.एड.वाले आले की दोन-अडीच महिने वर्गात जत्रा. आज एक ताई, उद्या दुसऱ्या. रंगीत चार्ट, गाणी, सगळं छान. चाचणी आली की कळतं, धडा 'झालेला' आहे पण पोरीला येत नाही. त्यांचं शिकणं आमच्या पोरांच्या जिवावर का? डॉक्टर शिकतात तेव्हा मोठे डॉक्टर शेजारी उभे असतात. इथे वर्गशिक्षक स्टाफरूममध्ये चहा पीत असतात, मी स्वतः पाहिलंय.

---

गणितवाली

@पालक मानेवाडा, चहाचं खरं आहे. सगळ्या शाळांत नाही, पण खरं आहे. छात्राध्यापक आले म्हणजे सुट्टी मिळाली असं समजणारे आमच्यातही आहेत.

आमच्याकडे दोन गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. नववी-दहावीच्या वर्गांवर त्यांना एकटं सोडत नाही. आणि लेसन झाल्यावर त्या धड्याचे चार-पाच प्रश्न मी माझ्या तासाला विचारते, त्यांच्यासमोर. त्यांनी काय शिकवलं ते त्यात कळत नाही, मुलांपर्यंत काय पोहोचलं ते कळतं. पहिल्यांदा हे होतं तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. दशांशवाल्या मुलीचाही पडला होता. पण तुमच्या मुलीचा धडा वाऱ्यावर सुटत नाही. तुमच्या शाळेत हे होतं का, पुढच्या पालकसभेत विचारा. खुशाल विचारा.

---

दुसऱ्या वर्षाला

मी आत्ता सेम थ्रीला आहे, मराठी मेथड. वाचून राहिली होती गुपचूप, पण आता राहवत नाही.

आमच्याबद्दल सगळे बोलतात, आमचं काम कोणी बघत नाही. टाचण, निरीक्षण वही, चिंतन, उपक्रम अहवाल, शाळेचा अभ्यास, सगळं हातानं लिहायचं. त्यात शाळेत कोणी रजेवर असलं की 'ओ बी.एड.वाल्या मॅडम, तेवढा ऑफ तास घ्या ना.' इतिहासाचा घ्या, पीटीचा घ्या, काहीही. सुरुवातीला लय राग यायचा.

पण खरं सांगू का? मी जे काही शिकली ते ह्या ऑफ तासांतच. मागे निरीक्षणाला कोणी नसते, चार्ट नसते, टाचण नसते.

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी असाच ऑफ तास आला, सातवी. (बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, संकटं, नको ते सगळं 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत गावाबाहेर न्यायचं. त्याच दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा.) पोट्टे बसायलाच तयार नव्हते. अर्ध्यांचा घसा बसलेला, बाकीचे अजून ओरडूनच राहिले. मी म्हटलं, ठीक आहे, लिहा मग. तुमच्या घरातून, शाळेतून, मोहल्ल्यातून मारबतीनं काय न्यावं?

जी पोरं निबंधाच्या वेळी 'मॅडम किती ओळी लिहायच्या' विचारतात, त्यांनी पानं भरवली. 'गृहपाठ घेऊन जा गे मारबत' तर सगळ्यांचंच होतं. एकानं लिहिलं, 'नळाले चार दिवसानं येनारं पानी घेऊन जा गे मारबत, रोज येनारं ठेवून जा.' एका पोरीनं लिहिलं, 'पप्पाची दारू घेऊन जा गे मारबत.' तिनं ती ओळ खोडली होती, पण वाचता येत होती.

त्या दिवशी चिंतन लिहायला बसली तर काय लिहावं कळेना. फॉरमॅटमध्ये 'उद्दिष्टे साध्य झाली का' असं आहे. उद्दिष्टच नव्हतं! शेवटी हा तास वहीत घेतलाच नाही. तो लेसन धरत नाहीत.

---

गणितवाली

@दुसऱ्या वर्षाला, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. तो तास लिही. वहीत नको तर वेगळ्या कागदावर लिही, पण लिही, कारण खरे प्रश्न आता सुरू होतात. 'पानी' आणि 'नळाले' वर तू लाल शाई चालवलीस का? चालवली असतीस तर पुढच्या वेळी त्याने पान भरलं असतं का? आणि त्या खोडलेल्या ओळीचं काय केलंस?

---

दुसऱ्या वर्षाला

लाल शाई नाही चालवली. तेव्हा विचार करून नाही हो, लाल पेनच नव्हता जवळ 😀 नंतर पुढच्या तासाला फळ्यावर दोन रांगा केल्या, 'घरी असं म्हणतो' आणि 'पेपरात असं लिहितो'. पोरांनीच भरल्या. 'नळाले' कोणाला चूक वाटली नाही, दुसऱ्या रांगेत 'नळाला' आपोआप आलं.

खोडलेल्या ओळीचं वर्गात काहीच बोलली नाही. वर्गशिक्षिकेला एकटं गाठून सांगितलं. त्यांना घरचं आधीपासून माहीत होतं.

---

मेथडवाली

दोन रांगांची कल्पना मी उचलते आहे, कोणाची ते सांगून. वर्गशिक्षिकेला सांगितलंस तेही योग्य केलंस. सूक्ष्म अध्यापनात (एकेक कौशल्य छोट्या पाठातून घोटून घ्यायचं) ह्यातलं काही शिकवता येत नाही. १९६३ ला स्टॅनफर्डला निघालेली ती पद्धत. आपल्याकडे एनसीईआरटीने तिचं ३६ मिनिटांचं चक्र बसवलं: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, परत ६ आणि ६. फलकलेखन, प्रश्न विचारणं ह्यासाठी ते चांगलं आहे. पण तिथे समोर वर्गमैत्रिणीच विद्यार्थी होऊन बसतात, आणि वर्गमैत्रीण कधी 'घेऊन जा गे मारबत' असं मनातलं लिहून देत नाही.

---

देवलापार रोड

रामटेक तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन इयत्ता. आमच्याकडे शहरातली डी.एड.ची मुलं येतात, त्यांचं टाचण एका इयत्तेचं असतं. पहिल्याच दिवशी विचारतात, 'सर, दुसरीला शिकवतो तेव्हा पहिलीनं काय करायचं?' तो प्रश्न त्यांच्या अख्ख्या अभ्यासक्रमात कोणी विचारलेला नसतो.

काही पोरं घरी गोंडी बोलतात. एक छात्राध्यापक आठवडाभर वहीत लिहीत होता, 'विद्यार्थी प्रतिसाद देत नाहीत.' मी म्हटलं, कोण देत नाही, नावं लिही. नावं लिहिल्यावर त्याला दिसलं, चौघंच होती, आणि चौघं एकाच टोल्यावरची (पाड्यावरची). मग तो एका मोठ्या पोरीला मधे बसवून तिच्याकडून शब्द शिकायला लागला. पोरं त्याच्या उच्चारांना हसायची. हसता हसता बोलायलाही लागली.

'विद्यार्थी' असं मोघम लिहू द्यायचं नाही, नाव लिहायला लावायचं. माझा एवढाच नियम आहे.

---

आकडेमोड

मूळ दशांशावर येतो. गणितवाली, पुढे तिने तो विषय कसा नेला ते लिहिलं नाहीत. पैशांनी शिकवलं असेल तर घोळ वाढला असणार. मुलं १२.५ रुपये म्हणजे बारा रुपये पाच पैसे वाचतात.

---

गणितवाली

@आकडेमोड, अगदी तेच झालं. पैशांचं उदाहरण पहिल्या दहा मिनिटांत कोसळलं, आणि सध्याच्या मुलांनी पाच पैसे बघितलेले तरी कुठे असतात.

वाचवलं एका पोरीने. तिच्या घरचं सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीचं दुकान लागतं. ती म्हणाली, "मॅडम, काट्यावर ०.२५० आलं का पाव असते, ०.५०० आलं का अर्धा." मग ०.३ म्हणजे काय? "तीनशे ग्राम." आणि ०.१२५? "सव्वाशे... आधा पाव!" शेवटच्या बाकावरचा पोरगा वळून तिच्याकडे बघायला लागला. आधा पाव तीनशे ग्रामपेक्षा मोठा कसा असेल, हे त्याला कोणी सांगायची गरजच नव्हती.

---

आकडेमोड

गोष्ट छान, पण मी इथे थांबलो नसतो. काटा नेहमी तीन अंक दाखवतो, ०.३ ला ०.३०० करून. म्हणजे पोरगा परत साध्या संख्याच वाचतोय, तीनशे आणि एकशे पंचवीस. फक्त आता अंक सारखे झाल्यामुळे उत्तर बरोबर येतंय. त्याला ०.३ आणि ०.१२५४ देऊन बघा.

---

गणितवाली

दिले होते. तिनेच दिले, मी न सांगता, आणि निम्मा वर्ग परत अडला. भाजीवाली पोरगीसुद्धा. "एवढं बारीक काट्यावर येतच नाही," म्हणाली.

मग ती आलेखाच्या कागदावर गेली. दहा बाय दहाचा चौरस म्हणजे एक, एक उभा पट्टा म्हणजे दशांश, एक घर म्हणजे शतांश. ०.३ म्हणजे तीन पट्टे रंगवले. ०.१२५४ चं रंगवायला एक पट्टा आणि दोन घरं झाली, पुढच्या अंकांसाठी घराचे तुकडे करावे लागले, आणि तुकडे करता करता कितीतरी जणांनी पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या पट्ट्यातच अडकलेलं चित्र तीन पट्ट्यांना काय गाठणार. ह्याला दोन तास गेले. टाचणात अर्धा तास होता. त्या दिवशी 'वेळेचे नियोजन' लिहिलं असतं तर मी हसतहसत सही केली असती.

सगळ्यांना आलं असं मात्र म्हणणार नाही. घटक चाचणीत चार-पाच जण परत टिंब विसरले.

---

शंकेखोर

बायकोला हा धागा वाचायला दिला. ती म्हणतेय, 'एवढ्या चौकशा करणारी मार्गदर्शक मला मिळाली असती तर तुला टाइप करायला लावलं नसतं.' आता घरात वेगळाच लेसन चालू आहे.

---

सेम फोर गणित

मला मदत हवी आहे. सोमवारी सहावीवर लेसन आहे, पूर्णांक संख्या, ऋण संख्यांची तुलना. पुस्तकी उदाहरण म्हणजे थंड प्रदेशातलं शून्याखालचं तापमान. नागपूरच्या पोरांना ४६ अंश माहीत, शून्याखाली कोणी बघितलंय? लिफ्ट घेऊ का? वजा एक, वजा दोन, तळघराचे मजले.

---

आकडेमोड

लिफ्ट चालेल, पण आधी विचारा किती जण तळघर असलेल्या लिफ्टमध्ये बसलेत. मॉलमध्ये जाणाऱ्यांना माहीत असेल. मेट्रोच्या लिफ्टचा उपयोग नाही, आपल्या मेट्रोची स्टेशनं वर आहेत नाहीतर जमिनीवर, खाली एकही नाही. उधारी घ्या. किराण्याच्या दुकानातली वही सगळ्यांनी पाहिलेली असते.

---

गणितवाली

उधारी घेशील तर सांभाळ. सात रुपये उधारी तीन रुपयांच्या उधारीपेक्षा 'जास्त' असते, मग −७ मोठी म्हणणारा पोरगा बरोबरच बोलतोय असं होईल. कोणाकडे पैसे कमी, असा प्रश्न विचार.

जोड्या निवडताना −३ आणि २ घेऊ नकोस, त्यात सगळे पास होतात. −७ आणि −३ घे, ० आणि −४ घे, आणि −१ आणि −१०० घे. हात वर करायला लावण्याऐवजी चिठ्ठीवर उत्तर माग. सोमवारी लेसन झाला की चुकलेली उत्तरं जशीच्या तशी इथे टाक, बरोबर आलेली नकोत.

---

सेम फोर गणित

टाकते. आमच्या मॅडमना ० आणि −४ ची जोडी टाचणात दाखवली तर म्हणाल्या, मुलं गोंधळतील, काढून टाक. ठेवू का?

---

मेथडवाली

ठेव. मॅडमना म्हणावं, मीपण मेथडवालीच आहे.